बारा मिनिटं आधी

नियंत्रण कक्षाच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक काळा फळा होता. वर पक्क्या रंगात लिहिलेलं, 'यंत्रणा अखंड सुरू', आणि त्याखालचा दिवसांचा आकडा शिपाई रोज सकाळी खडूने एकाने वाढवायचा. सोमवारी तो दोन हजार दोनशे तेरावर गेला. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना आधी त्या फळ्यापुढे उभं करत आणि मग चहा विचारत. पाहुणेही 'वा वा' म्हणत. मिस्त्री मात्र रोज उजवीकडे बघत आत यायचा. उजवीकडे आग विझवायचं लाल नळकांडं होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण सहा वर्षं तो तेच बघत आला होता.

मिस्त्री म्हणजे भिंती बांधणारा नव्हे. तो इथला सर्व्हर सांभाळायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तो पेचकस घेऊन टेबलाखाली शिरला होता आणि कुणीतरी 'मिस्त्री, चहा घेणार का?' असं वरून विचारलं होतं. तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं.

शहरात कुणाच्या छातीत कळ आली, कुणी जिन्यावरून गडगडलं, की फोन या खोलीत यायचा. फोन घेणाऱ्यांच्या पडद्यावर कुठली रुग्णवाहिका कुठे आहे आणि कुठली रिकामी आहे हे दिसायचं, आणि एक बटण दाबलं की जवळची गाडी निघायची. हे सगळं दाखवणारा सर्व्हर काचेपलीकडच्या थंड खोलीत घोंघावत असायचा. त्याला जोडीदार म्हणून दुसरा सर्व्हर दरवर्षी कागदावर मंजूर व्हायचा आणि कागदावरच नांदायचा.

त्या सोमवारी मुख्यालयाचं पत्र आलं. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, ज्याला या धंद्यात कर्नेल म्हणतात, भगदाड सापडलं होतं. त्यातून बाहेरचा माणूस आत शिरून सगळ्याला कुलूप घालू शकत होता. दुसऱ्या एका शहराच्या पाणीखात्याचं तसं झालंही होतं, आणि तिथले लोक चार दिवस बादल्या घेऊन फिरले होते. दहा दिवसांच्या आत कर्नेल बदला, असं पत्रात होतं, आणि 'दहा'खाली दोन रेघा होत्या.

आता, सर्व्हरमधलं बाकी काहीही चालत्या गाडीत बदलता येतं. कर्नेल बदलायचं तर गाडी थांबवावीच लागते. न थांबवता ठिगळ लावायची सोय नव्या यंत्रांना असते, पण हे यंत्र त्या सोयीच्या आधी जन्मलेलं. बंद करा, पुन्हा सुरू करा, पडदे परत येईपर्यंत पंधरा मिनिटं धरा. तेवढ्या वेळात कृपया आजारी पडू नये, अशी पाटी काही शहराला लावता येत नाही.

म्हणून वेळ बघून करायचं असतं, आणि ती बघण्यात मिस्त्रीने सहा वर्षं घालवली होती. मागच्या साहेबांना त्याने थंडी संपू दे म्हणून सांगितलं, मग उन्हाळा संपू दे म्हणून. नवे साहेब आले तेव्हा म्हणाला, "कर्नेल म्हातारं आहे, पण स्वभावाला गरीब आहे." साहेब हसले. त्यांना फळ्यावरचा आकडा आवडत होता, त्यामुळे त्यांनाही घाई नव्हती. वेळ मारून नेण्यात मिस्त्री इतका तयार झाला होता की कधीकधी आपण खरोखरच शहराच्या काळजीपोटी थांबलोय असं त्यालाही वाटायचं. पण ते काही फार टिकत नसे. खाई त्याला खवखवे.

कारण फळ्यावरचा आकडा ज्या दुपारपासून सुरू झाला, ती दुपार मिस्त्रीला मिनिटामिनिटाने पाठ होती.

त्या दिवशीही कर्नेलच बदलायचं होतं. वेळ ठरली होती दुपारी तीनची. तीनला सकाळची पाळी उठते आणि दुपारची बसते, म्हणजे काही मिनिटं खोलीत दुप्पट माणसं असतात. यंत्र बंद असताना कागद, भिंतीवरचा नकाशा आणि रेडिओ यांवर काम चालवायचं, त्याला हात लागतात. तीनची वेळ अगदी शहाणपणाची होती. पण साडेतीनला मिस्त्रीच्या मुलीच्या शाळेत नाटक होतं, त्यात ती झाड झाली होती, आणि 'बाबा, तुम्ही नेहमी उशिरा येता' हे तिने सकाळी बुटांचे बंद बांधता बांधता सांगितलं होतं. दोन अठ्ठेचाळीसला मिस्त्रीने काचेतून पाहिलं. खोली शांत होती. काय फरक पडतो बारा मिनिटांनी, असं म्हणून त्याने आज्ञा दिली.

खोली शांत होती कारण खोलीत एकच बाई होती. पाळीप्रमुख ताई. तिची जोडीदारीण खाली डबा गरम करायला गेली होती आणि दुपारच्या पाळीचे तिघे अजून आले नव्हते. ताईचे पडदे एकदम काळे झाले. दोन एक्कावन्नला फोन आला : एक शिंपी, तिसरा मजला, छातीत दुखतंय, बायको बोलत होती. ताईने कागदावर पत्ता लिहिला, वेळ लिहिली, नकाशावर बोट ठेवलं आणि रेडिओवरून जवळच्या गाडीला हाक मारली. ती गाडी दुसऱ्या कामावर होती. पुढची लागेना. तिसरी निघाली ती शहराच्या पलीकडून. आठ मिनिटांत पोचायची ती गाडी तेवीस मिनिटांनी पोचली, तोवर शिंपी गेला होता. यंत्र एरवीसारखं लवकर उठलं नाही, डिस्क तपासत बसलं. पडदे आले तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती. मिस्त्रीने फॉर्मवर 'बंद केले : ३.००' असं लिहिलं, सही केली आणि धावत शाळेत गेला. त्या एका नाटकाला तो वेळेवर पोचला.

शिंपी गेल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाही फॉर्म दुरुस्त करता आला असता. त्याने केला नाही. शाळेत जाणारी मुलगी असलेल्या माणसाला नोकरी किती मोठी वाटते, हे ज्याचं त्याला ठाऊक.

चौकशीत ताईच्या कागदावर दोन एक्कावन्न आणि फॉर्मवर तीन. चौकशी अधिकाऱ्याने विचार केला : यंत्र तीनला बंद झालं, मग बंद यंत्रापुढे बसून बाईंनी दोन एक्कावन्नला फोन कसा घेतला? म्हणजे घाबरून घड्याळ चुकीचं वाचलं. फोनची वेळ एरवी यंत्रच नोंदवायचं, ते बंद, त्यामुळे ताडून पाहायला दुसरं काही नव्हतं. दुपारचे तिघे म्हणाले, आम्ही तीनलाच आलो आणि ताई तेव्हा आधीच रेडिओवर ओरडत होत्या. पण ते रोजच पाचसात मिनिटं उशिरा यायचे, तेव्हा जास्त जोर लावून बोलायची त्यांची सोय नव्हती. त्यांना उशिराबद्दल समज मिळाली. ताईला शिक्षा झाली नाही, फक्त 'गोंधळामुळे विलंब' असा शेरा आला.

तेव्हापासून ताई दोन घड्याळं वापरते, दोन हातांत दोन. वेळ लिहायची झाली की आधी डावा हात बघते, मग उजवा, मग भिंत. नवी मुलं चेष्टा करतात, 'ताई, तिसरं पायात बांधा.' ताईही हसते. ते दोन पट्टे दिसले की मिस्त्री ताईसाठी चहा आणायला उठायचा, आणि ते त्याला रोज दिसायचे.

चौकशीनंतर नियम झाला : यंत्र बंद करायचं तर फॉर्मवर शेवटची सही पाळीप्रमुखाची. खुर्चीची सही, असं सगळे म्हणत. तो नियम मिस्त्रीनेच सुचवला होता. स्वतःला बांधून घेतल्याने बरं वाटेल असं वाटलं होतं त्याला.

सोमवारी दुपारी तो फॉर्म घेऊन ताईसमोर उभा राहिला. बाकीच्या चार सह्या झाल्या होत्या.

"ताई, खुर्चीची सही."

"नाही."

"वेळ तर ऐका."

"कुठलीही सांगा. पडदे काळे झाले की माझे हात चालत नाहीत, मिस्त्री. त्या दिवशी चालले नाहीत. परत तेच करू?"

"हात दुप्पट असतील. तीनला करू."

"त्या दिवशीही तीनलाच होतं," ताई म्हणाली आणि फोन घ्यायला वळली.

साहेबांनी तोडगा काढला, आणि साहेबांचे तोडगे नेहमी सोपे असत. "बुधवारी ताईंना रजा देऊ. सही मी करतो. तीनला करून टाका. आणि सही का देत नाहीत ते त्यांच्याकडून लेखी घ्या, फाइलला लागतं."

मिस्त्री आपल्या थंड खोलीत जाऊन बसला. खरं तर त्याने सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. कारण त्याच्या खोटेपणाचा जगात एकच साक्षीदार उरला होता, आणि तो होता हा सर्व्हर. जुन्या नोंदी कधीच पुसल्या गेल्या होत्या, पण आपण कधीपासून जागे आहोत हे यंत्र विसरत नाही. विचारलं की ते तारीख सांगायचं आणि वेळ सांगायचं : चौदा बावन्न. तीनला झोपवलं असं फॉर्मवर लिहिलेलं यंत्र दोन बावन्नलाच जागं होऊन डिस्क तपासायला लागलं होतं. कर्नेल बदललं, यंत्र एकदा पुन्हा सुरू झालं, की ते आकडे गेले. मग कुणाच्या बापाला काही सिद्ध करता येणार नव्हतं. बुधवारी तीन वाजता, साहेबांच्या हुकमाने, ताईच्या माघारी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग इतकी वर्षं त्याने ते केलं का नव्हतं? ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. यंत्र बंद करायचं म्हटलं की ती दुपार आठवायची हे एक. आणि ते आकडे पुसले की मग आपण खरंच खोटे होऊ, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. जणू तोवर तो खोटा नव्हताच! माणूस स्वतःला काय काय पटवतो.

मंगळवारी दुपारी ताई स्वतः काचेचं दार ढकलून आत आली. थंडीमुळे तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. हातात एक कागद होता.

"साहेबांना लेखी हवंय. लिहिलंय मी. तुम्ही होतात त्या दिवशी, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा."

मिस्त्रीने वाचलं. ताईचं अक्षर सुबक, रेघेवर बसलेलं. 'यंत्र तीन वाजता बंद झाले असताना मी फोनची वेळ दोन एक्कावन्न लिहिली. त्या वेळी मी खोलीत एकटी होते असे मला आजही आठवते, परंतु तीन वाजता खोलीत इतर लोक असणारच. यावरून माझी आठवण आणि माझे डोळे दोन्ही भरवशाचे नाहीत हे उघड आहे. अशा व्यक्तीच्या हाती लोकांचे प्राण देऊ नयेत. मला या खुर्चीवरून काढून भांडारात काम द्यावे.'

"भांडारात?" मिस्त्रीने विचारलं.

"चादरी मोजायच्या. चादरी कुठे मरतात?" ताई हसली, मग हसू आवरून म्हणाली, "सहा वर्षं रोज येते आणि रोज वाटतं, आज कुणाचा तरी पत्ता चुकेल आपल्या हातून. घरी सुनेला विचारते, गॅस बंद केलाय ना मी? ती म्हणते, आई, तुम्ही तीनदा बघितलात. दमले हो मी. वाचलंत ना? बरोबर आहे?"

आपल्या हातात आता लाल पेन्सिल दिल्यासारखी आहे, हे मिस्त्रीला कळलं. मान हलवली की संपलं. बाई चादरी मोजायला जाईल, उद्या तीनला यंत्र सगळं विसरेल, आणि कपाटात तिच्याच अक्षरात त्याचा गुन्हा तिच्या नावावर कायमचा लागेल.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. वेळ मारून न्यायची सवय इतक्या सहज जात नाही.

घरी फ्रिजच्या दारावर त्या नाटकाच्या दिवशीचा फोटो होता. पुठ्ठ्याच्या फांद्या लावलेली मुलगी आणि तिच्यामागे टाळ्या वाजवणारा तो. मुलगी आता सोळाची झाली होती आणि तिला बापाची फिरकी घेता येत होती. जेवताना ती आईला म्हणाली, "बाबांनी आयुष्यात एकदाच वेळ पाळली, म्हणून फ्रेम करायला हवा तो फोटो." बायको हसली. मिस्त्रीने ताट तसंच सरकवलं. "अहो, काय झालं?" बायकोने विचारलं. "काही नाही, कर्नेल बदलायचंय," तो म्हणाला, आणि त्या घरात या उत्तरावर पुढे काही विचारण्याची पद्धत नव्हती.

बुधवारी ताईला रजा होती, पण कागद साहेबांकडे द्यायचा म्हणून ती दोन वाजता आलीच. मिस्त्री तिला दारातच भेटला. फळ्यावर दोन हजार दोनशे पंधरा होतं, आणि या वेळी त्याने ते पाहिलं.

"ताई, आत या जरा."

थंड खोलीत त्याने तिला पडद्यापुढच्या एकुलत्या एक स्टुलावर बसवलं. स्वतः उभा राहिला. मग यंत्राला विचारलं, कधीपासून जागं आहेस? उत्तर एका ओळीत आलं.

"ही ती तारीख," तो म्हणाला. "आणि ही वेळ. हे यंत्र त्या दिवशी पुन्हा सुरू झालं ती वेळ. त्यानंतर ते बंदच झालेलं नाही, म्हणून ही वेळ बदललेली नाही."

ताईने ओळ वाचली. डावं मनगट बघितलं, उजवं बघितलं, जसं काही ती घड्याळं दोन हजार दिवसांपूर्वीचं सांगणार होती. "चौदा बावन्न. म्हणजे दोन बावन्न. पण तुम्ही तीनला..."

"दोन अठ्ठेचाळीसला. मुलीचं नाटक होतं. तुम्हाला न सांगता मी बारा मिनिटं आधी बंद केलं आणि फॉर्मवर तीन लिहिलं. तुमचं घड्याळ बरोबर होतं, ताई. तुम्ही खोलीत एकट्याच होतात."

यंत्र घोंघावत होतं. ताईने बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. मिस्त्रीला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी डोळे तपासून घेतले," ती शेवटी म्हणाली. "दोन डॉक्टरांकडे. मग तिसऱ्या डॉक्टरकडे गेले, डोक्याच्या. त्यांनी विचारलं, अजून काय काय चुकीचं आठवतं तुम्हाला? मी घरी येऊन यादी करत बसले. माझ्या लग्नातल्या गोष्टींचीसुद्धा. हे खरं झालं होतं का, ते खरं झालं होतं का." तिचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही रोज चहा आणून द्यायचात मला."

"हो."

"साखर बरोबर घालून."

 

ताईने मोबाइल काढला आणि पडद्यावरच्या ओळीचा फोटो घेतला, मग खात्रीसाठी आणखी एक घेतला. आपला कागद तिने उभा फाडला, आडवा फाडला आणि तुकडे पर्समध्ये ठेवले. "फॉर्म द्या."

"साहेब सही करतील म्हणालेत."

"खुर्चीत मी बसते की साहेब? द्या. आणि तोवर तुम्ही मला सांगितलं ते सगळं लिहून काढा. दोन प्रती."

त्याने लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि म्हणाले, "हे आजच द्यायचं होतं का?" मग स्वतःच म्हणाले, "आधी यंत्राचं करा. तुमचं उद्या बघू." चौकशी पुन्हा उघडणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होतं.

तीन वाजले. सकाळची पाळी उठली नाही, दुपारची येऊन शेजारी उभी राहिली. ताई खुर्चीत बसली. भिंतीवरच्या नकाशात तिने रिकाम्या गाड्यांच्या जागी टाचण्या टोचल्या, प्रत्येकाच्या हातात कोरा कागद दिला, रेडिओवर एकेका गाडीला नावाने हाक मारून उत्तर घेतलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली. काचेपलीकडे मिस्त्री बोट कळीवर ठेवून तिच्याकडे बघत होता. तिला घाई नव्हती. तिची जोडीदारीण आजही खाली डबा गरम करायला गेली होती. ती परत आली, बसली, ताईने तिच्याकडे बघून मान हलवली आणि मगच काचेकडे वळून हात वर केला.

पडदे काळे झाले. चौदा मिनिटांत तीन फोन आले. एक म्हातारी न्हाणीघरात घसरली होती, एका कारखान्यात कुणाचा हात अडकला होता, आणि तिसऱ्याने चुकीचा नंबर लावला होता, त्याची त्याने माफी मागितली. तिन्ही कागद ताईच्या सुबक अक्षरात भरले गेले. वेळ लिहिताना तिने फक्त भिंत पाहिली. दोन्ही गाड्या सात मिनिटांच्या आत पोचल्या. मग एकेक पडदा उजळला, नवं कर्नेल कामाला लागलं, आणि शिपायाने जाऊन फळा पुसला. शून्य लिहायचं की पहिला दिवस, यावर त्याचा आणि साहेबांचा थोडा वाद झाला.

मिस्त्रीला वाटलं होतं, हे झालं की छातीवरचं काहीतरी उतरेल. तो खुर्चीजवळ गेला. ताई कागदांना टाचणी लावत होती.

"शिंप्याची बायको," ती वर न बघता म्हणाली, "सहा वर्षं दर रविवारी जाते मी तिच्याकडे. पहिल्यांदा माफी मागायला गेले होते. आता ती मला बहीण मानते. माझ्या सुनेचे ब्लाउज शिवून देते, शिलाई घेत नाही. म्हणते, तुझ्या हातून झालं ते मुद्दाम नव्हतं." तिने टाचणी दाबली. "येत्या रविवारी तुम्ही यायचं."

"मी... काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंत तेच."

"ताई, त्या मला..."

"काय करेल ते ती करेल. ते ठरवणारे तुम्ही नव्हे." आता तिने वर पाहिलं. "चार वाजता. चार म्हणजे चार, मिस्त्री. आधी नाही."

रविवारी तो त्या इमारतीखाली उभा होता. तिसऱ्या मजल्यावरून शिवणयंत्राचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. त्याने मोबाइलवर वेळ बघितली. तीन अठ्ठेचाळीस झाले होते, आणि त्याला वर जाता येत नव्हतं.